उतू न गेलेलं दूध

किस्से ठेवायला कपाट लागत नाही, हे बरं आहे. कारण कन्नड गावाहून शहरातल्या पुंडलिकनगरच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून आमच्याकडे कपाटं कमी पडली आणि किस्से जास्त झाले. सकाळी बागेतल्या बाकावर मी नवा सुरू केला की मंडळी ओरडतात, "सर, आधी कालचा संपवा!"

माझी अडचण वेगळी आहे. सांगता सांगता मलाच शंका येते, हे खरंच असं झालं होतं का? मग मी मंदाला विचारतो. मंदा म्हणजे माझी बायको. ती म्हणते, "असंच झालं. फक्त तुम्ही सांगता त्याच्यापेक्षा लई जास्त घाबरला होता."

असेल. मी कन्नडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. पीएचडीचा विषय होता, माणसाला कशाचीही पूर्ण खात्री असू शकते का? उशीएवढा जाड प्रबंध लिहून मी 'सांगता येत नाही' या निष्कर्षाला आलो. त्यावर डॉक्टरेट मिळाली. गॅस बंद केला का, हे बघायला मी अजूनही अंथरुणातून उठतो.

शहरात यायचं मीच ठरवलं. छातीत धडधडायचं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, पित्त आहे." पण काही नसलं तरी हॉस्पिटल जवळ असलेलं बरं! मंदाचं सगळं गणगोत मात्र कन्नडच्या गल्लीत. ती निघताना एवढंच म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. नाय करमलं तर मी चालले कन्नडला. तुम्ही बसा तुमच्या हॉस्पिटलाशेजारी." आणि कन्नडच्या घराची किल्ली तिने पदराला बांधली. पिशवीत नाही, पर्समध्ये नाही. पदराला!

* * *

गृहप्रवेशाला दूध उतू घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं.

नवं पातेलं, पूर्वेकडे तोंड, हळदीकुंकू. कन्नडहून माझी थोरली बहीण आक्का आलेली. सगळ्या बायका ओट्याभोवती उभ्या. दूध वर यायला लागलं. कोणीतरी आनंदाने ओरडलं, "गेलं, गेलं, गेलं!"

आता इथे एक सांगायला हवं. लग्न झाल्यापासून आमच्या घरात माझ्याकडे एकच काम आहे. मंदा म्हणते, "दुधाकडं बघा हो," आणि मी बघतो. बाकी कशात नसलो तरी या कामात मी कधी नापास झालो नाही.

"गेलं" ऐकलं आणि मी दोन बायकांच्या मधून हात घालून गॅस बंद केला!

दूध पातेल्याच्या काठापर्यंत आलं, थबकलं आणि शहाण्यासारखं खाली बसलं. ओट्याभोवतीच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी मात्र विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होतो. "वाचलं," असंही म्हणालो म्हणे. हे मला आठवत नाही.

मंदाने कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं इमानदारीनं राखलं. आज एक दिवस बेइमानी केली असती तर काय झालं असतं?"

मी गुरुजींना विचारलं, पुन्हा पेटवायचं का? शास्त्रात काही उपाय?

गुरुजी घामेजलेले, त्यांना पुढे सिडकोत दुसरी वास्तुशांत होती. ते म्हणाले, "शास्त्रात उपाय नाही सर. कारण शास्त्रात असा यजमानच नाही!"

निकाल आक्काने दिला. "मुहूर्ताचं दूध तू आडवलं, शऱ्या. आता मुद्दाम घालून भागायचं नाय. जाईल तवा आपसूक जाईल. तोवर ह्या घरात मंदीचा जीव रमायचा नाय, लिहून घे."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तशी खात्रीही नाही.

* * *

त्याच संध्याकाळी आक्का परत निघाली आणि लिफ्टमध्ये अडकली. दुसरा आणि तिसरा मजला यांच्यामध्ये. मी लिफ्टच्या दाराला तोंड लावून तिला धीर द्यायला लागलो. "आक्का, घाबरू नकोस! हवा पुरेशी असते! तांत्रिक बिघाड आहे! दीर्घ श्वास घे! मी इथेच आहे, आक्का!" बोलता बोलता माझा आवाज कापायला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

आतून शांत आवाज आला, "शऱ्या, आडकली मी हाय. रडायला तू कामून लागला?"

वॉचमनने काहीतरी खटका ओढला आणि दार उघडलं. आक्का खाली पिशवीवर ऐसपैस बसून शेंगा सोलत होती. उठता उठता म्हणाली, "बघ. दूध आडवलं, लिफ्ट आडली. आता काय काय आडतंय बघत बस."

मग सगळंच माझ्या नावावर जमा व्हायला लागलं. नळ गळला, दूध. नवा मिक्सर जळाला, दूध. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं लग्न मोडलं, तेही मंदाने काही वेळ माझ्याकडे बघून मगच सोडून दिलं.

* * *

मंदाचा भाऊ बाळू लासूर स्टेशनला धान्याचा व्यापार करतो आणि मोबाइलमधल्या होकायंत्रावर वास्तुशास्त्र बघतो. दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने. त्याला कळलं की ताईला इथे करमत नाही, तर तो तूर विकून थेट आमच्याकडे आला.

पलंग फिरवला. देव्हारा हलवला. मी वाचत बसलो होतो ती खुर्ची माझ्यासकट उचलली. शेवटी संडासाच्या दारात मोबाइल धरून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"दाजी, ईशान्येला हाय हे. लई वाईट."

"मग? तोडायचा?"

"तोडायचा कशाला? वापरूच नका."

"अरे, मग आम्ही जायचं कुठे?"

बाळूने विचार केला. धंद्यातला माणूस, अडचणीत संधी बघणारा. म्हणाला, "लासूरला या की! तेवढीच ताईची चक्कर होईल!"

मंदा खळखळून हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, ती जायच्या कल्पनेवर हसली होती.

* * *

तिला खरा त्रास दारांचा होता. कन्नडला आमचं दार सकाळी उघडायचं ते झोपताना लागायचं. इथे जिन्यावर सगळी दारं बंद. "दिवसाढवळ्या दारं लावून कामून बसतात हो? कोणी रुसलंय का?" समोरच्या फ्लॅटवर साळवे मॅडम अशी पाटी होती. मॅडम कधी दिसल्या नव्हत्या. फक्त त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ओळखीच्या झाल्या होत्या.

आमच्या शहरात नळाला पाणी केव्हा येईल हे सांगणं कठीण. म्हणून बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ज्याला सगळ्यात आधी कळेल त्याने कळवायचं, म्हणजे खालची मोटर सुरू होते. एका सकाळी मी खाली होतो आणि पाइपात खळखळ ऐकू आली. मी लिहिलं, "सर्वांस नमस्कार. पाणी आले असावे असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि हा हवेचा आवाजही असू शकतो. कृपया कोणीतरी पडताळणी करावी."

कोणीतरी विचारलं, "काका, आलं का नाही?"

मी उत्तराचा मसुदा करत होतो. दोन्ही शक्यता नीट मांडायच्या होत्या. पाठवलं तोपर्यंत पाणी येऊन गेलं होतं.

सगळी बिल्डिंग त्या दिवशी माझ्यावर उखडली. आणि समोरचं दार पहिल्यांदा उघडलं. साळवे मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, कंबरेवर रिकामी बादली. "ते प्रथमदर्शनीवाले काका तुमचेच का?"

"माझेच," मंदा म्हणाली. "दुसरं कोण घेणार?"

* * *

यानंतर आठवड्याभरात मी आणि मंदा भाजीला निघालो. जिन्यात मला शंका आली, दार लागलं का? मी परत वर गेलो. दार ढकललं, ओढलं, खांदा लावला. आपोआप लागणारं कुलूप होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीची पूर्ण, निःसंशय खात्री झाली. दार बंद होतं. आणि किल्ली आत होती.

मंदा वर आली. सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश पदराची गाठ पुढे केली.

"माझ्याकडं एक किल्ली हाय. कन्नडची. चलता का?"

हे ती हसत म्हणाली की नाही, याची मला आजही खात्री नाही. दिवाळी जवळ आली होती.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. साळवे मॅडम म्हणाल्या, "जिन्यात काय उभ्या? आत या. काकांना पण आणा, बाहेर ठेवले तर अजून काहीतरी पडताळतील." कुलूपवाला येईपर्यंत आम्ही तिथे होतो. कुलूपवाला आला, कुलूप उघडलं, मी घरी आलो. मंदा मात्र आली ती दिवेलागणीला, कसल्याशा चटणीची वाटी घेऊन. "त्या जवस जास्त भाजतात," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. बहुधा कमी भाजायला शिकवायला.

* * *

आता शेवटचा.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. सकाळी मंदाने दूध तापायला ठेवलं आणि सवयीने म्हणाली, "दुधाकडं बघा हो." मग समोर साळवे मॅडमच्या दारात गेली, करंज्यांच्या सारणाबद्दल काही विचारायला. आमचंही दार उघडं, त्यांचंही उघडं. दोघींच्या आवाजाने जिना भरून गेला होता. मॅडम म्हणत होत्या खोबरं, मंदा म्हणत होती खसखस, आणि कोणी माघार घेईना.

दूध चढायला लागलं.

माझा हात बटनावर गेला. जिन्यातून मंदाचं हसणं आलं. पोटातून आलेलं, कन्नडच्या दारापुढच्या ओट्यावरचं. मुद्दाम घालायचं नाही, आपसूक जायला हवं, असं आक्का म्हणाली होती. मी नुसता उभा राहिलो तर ते मुद्दाम होतं की आपसूक? न करणं ही कृती आहे का? यावर मी वर्गात अख्खा तास घेत असे, आणि घंटा झाली की सुटल्यासारखं वाटे.

साय फुगली. विझलेला गॅस, गळती, काडी, स्फोट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. छातीत धडधडायला लागलं.

मी हात काढून घेतला. पाठीमागे बांधला.

दूध गेलं. पातेल्यावरून, शेगडीवरून, ओट्यावरून, माझ्या पायांवर! चटका बसला तरी मी हललो नाही. ज्योत फस्सकन विझली, तेव्हा मात्र मी बटन बंद केलं. मग पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

वासाने मंदा धावत आली. मागे साळवे मॅडम. दारात दोघी थांबल्या.

"तुम्ही कुठं गेला होता?"

"इथेच होतो."

"इथंच? मग दिसलं नाय?"

"दिसलं."

"बघत होता?"

"बघत होतो."

मंदाने ओट्याकडे बघितलं, माझ्या लाल झालेल्या पायांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. फडकं घ्यायला म्हणून पदर खोचायला गेली तर हाताला किल्ली लागली. तिने गाठ सोडली, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "आक्कांना फोन लावा. म्हणावं, कन्नडच्या घराला भाडेकरू बघा. आणि ते पाय आधी पाण्याखाली धरा! हॉस्पिटल जवळ हाय म्हणून काहीही करायचं का?"