चिंचेनं घासलेलं नाणं

रशियाच्या झारच्या काळातली तांब्याची नाणी मी गोळा करतो, असं सेलूच्या मोंढ्यात सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्या बियाण्याच्या दुकानाकडं. बघू द्या. पहिलं नाणं देवगाव फाट्यावरच्या भंगारवाल्याकडं, तारांच्या ढिगात सापडलं. लय जड, वर दोन तोंडांचा गरुड. बाकीची पुढं एकेक करून पोस्टानं आली.

ते पहिलं नाणं बायकोनं महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांसोबत चिंच-मीठ लावून घासलं. दुसरं हातात घेणार, तेवढ्यात मी आलो. दीडदोनशे वर्षांचा काळपट थर, तो होता म्हणून तर नाण्याला मोल होतं. माझं डोकं फिरलं. "अक्कल गहाण टाकली का?" पाहुण्यांदेखत म्हणालो. ती म्हणाली, "मला वाटलं, घाण हाय." एवढंच. त्यानंतर घरातलं प्रत्येक कपाट तिनं पुसलं, माझं तेवढं सोडून. माफी मागू, मागू म्हणता नऊ वर्षं गेली.

औंदा श्रावणात ती गेली. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून समाधी देतात, आणि स्वामी तांब्याचे एकवीस तुकडे अंगावर ठेवतात. घरातून निघायच्या आधी त्यांनी पुडी सोडली तर वीसच निघाले. "घरात तांब्याचं काही हाय का?" त्यांनी विचारलं. पोरगी माझ्याकडं बघायली.

मी आत जाऊन कपाट उघडलं. रडू येत नव्हतं, हात मात्र बरोबर चालत होता. त्यानं काळी नाणी बाजूला सारली आणि ते घासलेलं उचललं. नाहीतरी त्याला कोण विचारणार होतं? बायकोच्या समाधीतसुद्धा मी कवडीमोलाचं नाणं दिलं. मुद्दाम केलं असतं तर निदान स्वतःचा राग तरी आला असता.

स्वामींनी त्याच्यावर विभूतीचं बोट ओढलं आणि ते तिच्यासोबत मातीत गेलं.

माझ्या सगळ्या नाण्यांत तिचा हात लागलेलं तेवढं एकच होतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. ते परत पाहिजे आणि ते मिळणार न्हाई. लोक म्हणतात, रडून घ्या. येतच न्हाई, त्याला काय करू? दुकान उघडतो, जेवतो, झोपतो.

काल पोरगी आली होती. जेवणं झाल्यावर मी कपाटातलं सगळ्यात दुर्मीळ नाणं काढलं. त्याच्यासाठी अकरा वर्षं थांबलो होतो. स्वयंपाकघरात गेलो आणि वाटीत चिंच भिजवली.

"अप्पा, काय करायलात?"

"घाण हाय त्याच्यावर," मी म्हणालो.

तिनं मिठाची बरणी तेवढी माझ्यापुढं सरकवली.