सात नंबरचा बिल्ला

तात्या आश्रमात आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. आलेल्या माणसाचं सामान बघायची पद्धत होती म्हणून मी ती उघडायला लावली. आत दोन धोतरं, दोन सदरे, आणि बाकी सगळं लोखंड. हातोडी, कानस, पत्रा कापायची कात्री आणि शून्यापासून नऊपर्यंतच्या आकड्यांचे पोलादी ठसे. मी म्हटलं, हा वृद्धाश्रम आहे, वर्कशॉप नाही. त्यांनी मान डोलावली, माझ्या टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, उलटा केला आणि मी काही बोलायच्या आत त्याच्या बुडावर ठसा ठोकला. "एक नंबर हापिसाचा," म्हणाले. तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो पुढे चार वर्षं पुरला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा आश्रम बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या अलीकडे, चहूबाजूंनी ऊस. बावीस म्हातारी माणसं, एक स्वयंपाकीण, एक आया आणि व्यवस्थापिका म्हणून मी. तिथे रोज काही ना काही हरवायचं. चष्मा, कवळी, काठी, जपमाळ, एका पायातली चप्पल. आणि हरवलं की सगळ्यांच्या नजरा सुमनकडे वळायच्या. सुमन म्हणजे आमची आया. सणसरची, नवरा वारलेला, पदरात दोन मुली. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती, आमच्या पगारावरच तिची चूल पेटायची. खोल्या ती झाडायची, अंथरुणं ती बदलायची, म्हणून चोरही तीच. कमिटीने मला बजावलं होतं, आणखी एक तक्रार आली की त्या बाईला काढा.

तात्यांना हे पटायचं नाही. साखर कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली होती. तिथे एकदा मोजमापाचं एक महागडं हत्यार सापडेना म्हणून एका हेल्परला कामावरून काढलं आणि आठ दिवसांनी ते साहेबांच्याच कपाटात निघालं. तोवर हेल्पर बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला होता. हे सांगताना तात्यांचा आवाज चढायचा. "वस्तू चोरीला जात न्हाय, बाई. वस्तू फिरती. नोंद नसली की गरीब मानूस चोर ठरतो." हे वाक्य मी दिवसातून तीनदा तरी ऐकत असेन. एकदा तर मी कानात बोटं घातली.

मग नोंद सुरू झाली. व्हरांड्यात त्यांनी एक भलीमोठी फळी ठोकली, तिला ओळीने खिळे. प्रत्येक वस्तूला तिचा खिळा आणि प्रत्येक माणसाला त्याच्या नंबरचे पत्र्याचे गोल बिल्ले. चष्मा काढला की पिशवीत घालून आपल्या खिळ्याला अडकवायचा. तो दुसऱ्या कुणी उचलला, अगदी पुसायला का होईना, तर उचलणाऱ्याने त्या खिळ्याला आपला बिल्ला लावून जायचं. टूलरूममध्ये पाना असाच मिळायचा म्हणे. मी म्हटलं, तात्या, इथे निम्म्यांना खिळा दिसत नाही आणि उरलेल्यांना आकडा वाचता येत नाही. ते म्हणाले, शिकतील की. सत्तर-ऐंशीची माणसं! आणि संताप याचा, की शिकलीसुद्धा. सुमन तर सगळ्यांच्या आधी शिकली. फळीकडे ढुंकून न बघणारी एकटी मी.

त्यांचं डोकं फळीवर थांबलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण धुण्यात कपडे अदलाबदल होतात म्हणून त्यांनी परटाची युक्ती काढली, बिब्ब्याच्या तेलाने आकडा घालायची. बिब्ब्याचा डाग जात नाही हे खरं. पण परीट त्यावर चुना देतो, आणि तात्या नेमका चुना द्यायचा विसरले. दोन दिवसांत सहा जणांच्या मानांवर बिब्बा उतला. खाज, फोड, रडारड. मी सहा मानांना खोबरेल लावत बसले होते आणि हे शेजारी उभे राहून सांगत होते, सदरा मात्र एकाचाही हरवला नाही. त्याच महिन्यात त्यांनी एका आजोबांच्या कवळीवर चौदा नंबर कोरला. ते आजोबा आठवडाभर तक्रार करत होते, जेवताना जिभेला चौदा लागतो. काय करावं या माणसाला?

आणि मग गंगूआजींचं कानाचं यंत्र गेलं. मुलाने पुण्याहून आणलेलं, आश्रमातली सर्वांत किमती वस्तू. तात्या त्या सकाळी पत्रा आणायला बारामतीला गेले होते. आजी रडत होत्या, त्यात कमिटीचे एक सदस्य नेमके आलेले. मी सुमनला बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिची पिशवी उपडी करायला लावली. भाकरी, मिसरीची डबी, एक फणी. यंत्र नव्हतं. तरी मी तिला सांगितलं, घरी जा, उद्यापासून येऊ नकोस.

ती एवढंच म्हणाली, "बाई, फळी तरी बघा."

मी म्हटलं, घाल ती फळी चुलीत. असं मी म्हटलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी तात्या आले. कुणीतरी झालेलं सांगितलं तसे ते सरळ फळीपुढे गेले. गंगूआजींच्या खिळ्याला एक बिल्ला लटकत होता, सात नंबरचा. सात नंबर म्हणजे स्वतः तात्या. त्यांनी तो काढून हातात घेतला. मग खोलीत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. यंत्र वरच होतं, रुमालात गुंडाळलेलं, आणि त्याच्या डबीवर आकडा अर्धाच कोरलेला. ते आपण कधी उचललं हे त्यांना आठवत नव्हतं. सोंग करणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, गादीखाली सापडलं म्हणून सांगू, सुमनला उद्या निरोप धाडू, तुमचं नाव कशाला निघायला हवं?

"मी इसरलो, बाई," ते म्हणाले. "माझं डोकं ऱ्हायलं न्हाय आता. पर फळी इसरली न्हवती. तुमी का बगितली न्हाय?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. फळी बघण्यापेक्षा सुमनला काढणं सोपं होतं.

त्याच संध्याकाळच्या एसटीने ते मला घेऊन सणसरला गेले. सुमनच्या दारात उभं राहून, शेजारपाजारच्या बायाबापड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की यंत्र आपण स्वतः उचललं होतं, ही पोर निर्दोष आहे. मी पण माफी मागितली. माझा आवाज तेवढा मोठा निघाला नाही. सुमनने आम्हाला बसायला घोंगडी टाकली, चहा केला. कामावर चल म्हटल्यावर ती तात्यांकडेच बघून बोलली.

"तुमी इसरला, तात्या. वय झालं तुमचं. बाई काय इसरल्या हुत्या?"

ती परत आली नाही. कुणाच्या तरी मळ्यात भाजी तोडायला जाऊ लागली.

त्यानंतर तात्या झपाट्याने विसरत गेले. जेवल्याचं विसरले, गावाचं नाव विसरले, माझं नाव तर त्यांनी कधी लक्षात ठेवलंच नव्हतं. पण रोज सकाळी ऑफिसच्या दारात येऊन विचारायचे, सुमनला आणलं का? आधी मी समजावून सांगायची. मग मी चिडायला लागले. एकदा ओरडले, की ती येणार नाही, तुम्हाला किती वेळा सांगू! त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. त्या प्रश्नाला कंटाळून मी दोनदा सणसरला जाऊन आले. दोन्ही वेळा सुमनने चहा दिला आणि नाही म्हणाली.

कारखान्याचा हंगाम संपता संपता तात्या गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात येऊन बसले. दहा वाजले, अकरा वाजले, विचारायला कुणी आलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मी दार लावून घेतलं आणि रडले. त्यातलं तात्यांसाठी किती आणि स्वतःच्या लाजेपायी किती, हे मला आजही सांगता येत नाही.