गप्पअण्णांनी न थांबवलेलं गाणं

आमच्या रेकॉर्डिस्टला सगळे गप्पअण्णा म्हणत. पन्नासच्या दशकात चिंचवडला, रुळांलगतच्या एका नावाजलेल्या स्टुडिओत मी पेटी वाजवायचो. काचेमागून अण्णांनी हात वर केला की मोठमोठे गवईसुद्धा खोकला गिळत. गाणं थेट तबकडीवर कोरलं जायचं. एक चूक झाली की ती तबकडी बाद.

आगगाड्यांच्या वेळा अण्णांना तोंडपाठ होत्या. दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत आम्ही गाणी उरकायचो. आपला खरा मालक स्टेशनमास्तर, असं ते म्हणत.

मोशीच्या राधाक्का जात्यावरच्या ओव्या गायला आल्या, त्या दिवशी हाताशी दोनच कोऱ्या तबकड्या होत्या. अक्कांच्या गळ्यात गाठ होती आणि दोन दिवसांनी पुण्यात ऑपरेशन. आवाज राहील अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. पहिली तबकडी उशिरा आलेल्या मालगाडीच्या शिट्टीनं घालवली. अण्णा बाहेर आले, अक्कांना पाणी दिलं, दमला असाल तर थोडं थांबू म्हणाले.

"आता न्हाई थांबायचं," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्यांचा आवाज छान लागला. पण माहेरच्या ओवीवर त्यांना हुंदका आला आणि सूर तुटला. पेटीचा भाता चालू ठेवावा की नाही, मला कळेना. काचेमागे स्टुडिओचे मालक अण्णांना थांबवा म्हणून खुणावत होते. अण्णा हलले नाहीत. अक्कांनी श्वास घेतला, तीच ओवी खालच्या सुरात उचलली आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

मालकांनी सगळ्यांसमोर जाब विचारला.

"बाई गात होत्या," अण्णा म्हणाले. "मी कसा थांबवणार?"

असली रडकी तबकडी बाजारात जाणार नाही, असं मालकांनी बजावलं आणि त्याच आठवड्यात अण्णांना कामावरून काढलं. जाताना अण्णांनी नमुन्याची एक प्रत तेवढी मागून घेतली.

अक्का वाचल्या, आवाज गेला. दोन महिन्यांनी अण्णा आणि मी सायकलला चावीचा फोनो बांधून मोशीला गेलो. अक्कांनी ओसरीवर बसून, डोळे मिटून सगळं ऐकलं. त्यांचे ओठ हलत होते. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. अण्णांनी चावी दिली. ऊन कलेपर्यंत तबकडी वाजत राहिली. शेजारच्या बाया कामं टाकून येऊन बसल्या.

परतण्याआधी इंद्रायणीच्या काठी आम्ही टेकलो. नोकरी गेल्याचं वाईट वाटतं का, मी विचारलं.

"नोकरी असती," अण्णा म्हणाले, "तर आज सुट्टी मिळाली नसती रे."