कुर्ल्यांच्या तळ्यावर तीन दिवस

सांगलीहून निघताना पिशवीत कपड्यांचे दोनच जोड घेतले, पण बायकोला सांगितलं की कदाचित महिनाभर लागेल. कारखान्यातला आमचा विभाग बंद होऊन चार महिने झाले होते. पन्नाशीत घरी बसणं मला जमत नव्हतं. पेपर दोनदा वाचायचो आणि शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करायचो. अशात मिलिंदचा फोन आला. मुंबईत आम्ही तरुणपणी एका खोलीत राहिलो होतो. तिथली नोकरी सोडून तो रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी कुर्ल्या (खेकडे) पाळत होता. "एकट्याचं काम नाही रे. येऊन बघ. पटलं तर दोघं मिळून करू," तो म्हणाला. विचार करायला मी एक दिवस मागितला आणि तासाभरात होकार कळवला.

आंबा घाटात धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून बस हाकत होता. पालीला चहासाठी गाडी थांबली. कधी सुटणार, कधी सुटणार, असं मी कंडक्टरला तीनदा विचारलं. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "साहेब, समुद्र काय कुठे पळून जात नाय."

मिलिंद चारला भेटणार होता आणि मी रत्नागिरीला पोचलो अकराला. बसून राहवेना, म्हणून मिरकरवाडा बंदरावर गेलो. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठली होती, तरी धक्क्याला बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एक म्हातारे तांडेल (बोटीचे प्रमुख) जाळं पसरून बसले होते.

"चाचा, बोटी अजून इथेच?"

"बोट हाय, इंजीन हाय, बरफ पण भरून ठेवलाय. माणसां नायत. खलाशी नेपाळातनं येतात. परवा पोचतो म्हणून सांगितलान मुकादमानं, तेला आठ दिवस झाले."

"आणि इथली तरुण मंडळी?"

"ती मुंबईत. माझे दोन्ही मुलगे तिकडेच." त्यांनी सुतळी दाताने तोडली. "पंधरा पंधरा दिवस दर्यात कोण राहणार? त्यांचां पण चुकत नाय."

चारला मिलिंद स्कूटर घेऊन आला. केस पांढरे झाले होते, हसणं तेच होतं. वाटेत तो सारखा मुंबईविषयीच बोलत राहिला: जुनी खोली, जुने दोस्त, कुठे काय बांधलं. कुर्ल्यांबद्दल मीच विचारत होतो. तेव्हा ते मला खटकलं नाही.

त्याची बायको सुजाता तळ्यावरच भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालून तळं केलेलं आणि भोवती जाळीचं कुंपण. नुकती कात टाकलेली कुर्ली आतून पाणचट असते, तिला बाजारात कोणी विचारत नाही. अशा कुर्ल्या आणून इथे मासळीचे तुकडे खाऊ घालायचे, की तीन-चार आठवड्यांत त्या गच्च भरतात. नांग्या बांधून जिवंतच मुंबईला जातात. सुजाताने बोलता बोलता एक उचलली, पायाने दाबली आणि ओल्या सुतळीने तिच्या नांग्या बांधून टाकल्या. तिच्या बोटांच्या टोकांना पांढरट चट्टे होते.

"आधी कोळंबी सोलायच्या शेडवर होते, भावजी. सात वर्षं बर्फात हात. रात्री भाकरी मोडवत नसे. म्हणून हे उभं केलं."

हे तिने उभं केलं होतं. मिलिंद फोनवर 'एकट्याचं काम' म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, म्हणजे उधाण. भरती बाराच्या पुढे चढणार होती. साडेअकरालाच सुजाता ओरडली. कुर्ल्यांनी बांधात बिळं पाडली होती, त्यातून पाणी झिरपत होतं, आणि बघता बघता हातभर बांध खचला. मिलिंद वाळूची पोती ओढू लागला. सुजाताने भगदाडावर जाळं आडवं लावलं, एक टोक खुंटाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाचा बांबू माझ्या हातात दिला.

"काय झालं तरी हा सोडायचा नाय."

मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. पहिली काही मिनिटं बरं वाटलं. कित्येक दिवसांत माझ्यावाचून अडेल असं काही माझ्या हातात नव्हतं. पण उभं राहण्यापलीकडे करायचं काहीच नव्हतं. पोती येत होती, ती दोघं धावत होती आणि मी खांबासारखा. तेवढ्यात एक मोठी कुर्ली जाळ्यावर चढून पलीकडे उतरताना दिसली. तिच्यामागे दुसरी. मी एक हात सोडून झडप घातली. मग दुसराही.

बांबू कलंडला, जाळं पाण्याखाली गेलं. मी परत पकडेपर्यंत भगदाड मोकळं होतं. चिखलट पाण्यात काळ्या पाठी एकामागून एक खाडीकडे सरकत गेल्या. सुजाताने माझ्या हातातून बांबू घेतला आणि पोती बसेपर्यंत, पुढचा तासभर, स्वतः धरून उभी राहिली.

किती गेल्या ते कोणी मोजलं नाही. संध्याकाळी तिने नांगी तुटलेल्या कुर्ल्यांचं कालवण केलं, तांदळाची भाकरी केली. मी म्हणालो, "वहिनी, भरपाईला मी इथेच राहतो. पडेल ते काम करीन."

तिने आधी मिलिंदकडे पाहिलं. "भावजींना खरं सांगितलंत का?"

मिलिंद ताटातच बघत होता. शेवटी म्हणाला, "मला परत जायचंय रे. या चिखलात माझं मन नाही लागत. तू आलास तर हिला सोबत होईल, असं वाटलं."

"मला न विचारता," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "राग मानू नका. चुकतं माणसाचं. पण तुम्हाला घरात बसवत नाय म्हणून तुम्ही आलात, यांना इथे राहवत नाय म्हणून हे चाललेत. मला जागेवर थांबणारं माणूस पाहिजे. शेडवरच्या दोघी यायला तयार आहेत. त्यांनाच घेणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बांधाला माती घालायला मदत केली, ती मात्र पुरी केली. निघताना तिने केळीच्या पानात भाकरी बांधून दिली. मिलिंद मला स्टँडवर सोडायला आला. बस लागेपर्यंत आम्ही दोघांनीही चारदा घड्याळ पाहिलं.

घरी बायकोने विचारलं, "ठरलं का?"

"त्यांनी नाही घेतलं मला," मी म्हणालो आणि बांबूसकट सगळं सांगितलं.

मिलिंद पुढच्या महिन्यात मुंबईला गेला. तळं चालू आहे, दोघींच्या तिघी झाल्या आहेत. माझं म्हणाल तर काम अजून मिळालेलं नाही. पूर्वी मी लोकांना सांगायचो, या वयात आम्हाला कोण विचारतो? आता ते वाक्य तोंडाशी येतं आणि अडतं. मला विचारलं गेलं होतं. काय झालं तरी सोडू नका, एवढंच सांगितलं होतं.