घोड्यावर कधी न बसलेले अप्पा

घोडी घेऊन आलेल्या माणसाला विश्वनाथअप्पा चहा विचारत नसत की नाव विचारत नसत. साखर जोखता जोखता मान वर करून पहिला प्रश्न टाकत, "आई कोणाची?" नवखा माणूस गांगरून जायचा. एकाने तर हात जोडून स्वतःच्या आईचं माहेर सांगितलं होतं. अप्पांना घोडीची आई हवी असायची. आई, आईची आई, आणि त्या दोघींना पैदाशीला कोणकोणते घोडे दाखवले होते, ते सगळं. याला ते शजरा म्हणत. शजरा सांगता आला नाही, तर घोडी आल्या वाटेने परत जायची.

दिंद्रुडला अप्पांचं किराणा दुकान होतं. पुढे शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. नव्या नव्या कंपन्यांच्या त्या पुड्या तेव्हा दर महिन्याला वाढत होत्या. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली सुलतान बांधलेला असायचा. तांबडा, उंच, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, अस्सल काठेवाडी. अप्पांनी तो ऐन उमेदीत असताना त्याला विकत आणलं होतं, तेही फक्त पैदाशीसाठी. त्याच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या. नातू कितवीत आहे हे मात्र ते अंगणातून ओरडून बायकोला विचारत.

स्वतः अप्पा जन्मात कधी घोड्यावर बसले नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बसायला खुर्ची हाय की, सायेब. घोडा बघायसाठी असतो."

आता माझ्याबद्दल. मी त्या भागातल्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला मान देतात. वय सव्वीस, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. पहिल्याच भेटीत मी अप्पांना ऐकवलं, की नर पाळायचे दिवस संपले. मोटारसायकलला बांधलेली, गोठवलेलं वीर्य ठेवायची नायट्रोजनची टाकी उघडून दाखवली. थंडगार वाफ बाहेर आली आणि दुकानातली चार गिऱ्हाइकं मागे सरकली. "यात पंचवीस वळू आहेत," मी म्हणालो.

अप्पांनी वाकून आत बघितलं. कपाळावरची विभूती सरळ केली. "एवढ्या थंडीत बाप लोकं तगतेत कसे वो?" मग म्हणाले, "काम चांगलं हाय तुमचं. पर बापाचं तोंड दिसत न्हाई." मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मला पावशेर खारीक बांधून दिली.

त्यांच्या पैदाशीची एक पद्धत होती. अंगणाच्या मधोमध बाभळीच्या जाड फळ्यांची छातीइतकी उंच भिंत उभी केलेली होती. घोडी माजावर आली की एका बाजूला तिला उभी करायची आणि दुसऱ्या बाजूने सुलतानला आणायचं. घोडी शांत उभी राहिली तरच पुढचं काम. मग एकवीस दिवसांनी तीच घोडी परत आणायची आणि परत फळीपाशी उभी करायची. सुलतान जवळ येताच तिने कान पाडून फळीवर लाथ हाणली, की ती गाभण. ही लाथ बसेपर्यंत अप्पा कोणाकडून काही घेत नसत. बसली की सुलतानच्या चंदीसाठी एक पोतं हरभरा. फळ्यांवर इतक्या लाथांचे वण होते, की अप्पा ते पाहुण्यांना दाखवत. मी ही पद्धत पाहून हसलो होतो, आणि मोठ्याने हसलो होतो, हे आता कबूल केलं पाहिजे.

तलवाड्याचे माधवराव मोठे जमीनदार, राजकारणात वजन असलेले. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांची चांदणी नावाची पांढरी घोडी होती. लोक जीप घेत होते, तेव्हा दादांनी जीपही घेतली आणि घोडीही ठेवली. पण चांदणी दोन वर्षं रिकामी राहिली होती. दादांनी जाहीर केलं होतं, या खेपेला शिंगरू झालं नाही तर ती वरातवाल्याला देऊन टाकायची. नवरदेव मिरवायचे आणि बँडसमोर नाचायचं, हे त्या घोडीच्या नशिबी येणार होतं. अप्पांनी शजरा तपासला, सुलतान दाखवला. एकवीस दिवसांनी चांदणीने अशी लाथ हाणली, की फळी चिरली. अप्पा आनंदले. दादांचं मात्र समाधान होईना. एवढ्या मोठ्या माणसाने लाथेवर विश्वास कसा ठेवायचा? घोडा दाखवून महिना होत आला तेव्हा त्यांनी जीप पाठवून मला बोलावलं.

मी गेलो. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. वीसेक माणसं बघत होती, म्हणून जरा जास्तच ऐटीत चढवला. खरी गोष्ट अशी होती, की गाई-म्हशी मी शेकड्याने तपासल्या होत्या. घोडी मात्र कॉलेजात एकच तपासली होती, आणि ती आदल्या दिवशी मेलेली होती. गाईच्या पोटात जे जिथे सापडतं, ते मी चांदणीच्या पोटात तिथेच शोधत राहिलो. सापडलं नाही. मला सापडत नाही म्हणजे ते नाहीच, असा निष्कर्ष मी काढला. "रिकामी आहे," मी जाहीर केलं. "सुलतानमध्ये दम नाही. आता इंजेक्शन देऊन माजावर आणू आणि दुसरा घोडा बघू."

ते इंजेक्शन गाभण घोडीला दिलं तर गर्भ पडतो. हे मला चांगलं पाठ होतं, परीक्षेत मी ते लाल पेनाने अधोरेखित करून लिहिलं होतं.

मी सुई भरत होतो तेवढ्यात अप्पा आले. ऐन बाजारच्या दिवशी दुकान बंद करून, एसटीत उभ्याने आले होते. कोणीतरी त्यांना खबर दिली असावी. सुलतानमध्ये दम नाही, हे माझं वाक्य दारातच त्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. त्या एका वाक्याने सात पिढ्यांचं नाव मातीत जाणार होतं. मला वाटलं, आता म्हातारा शिव्या घालणार. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गोठ्यामागे घेऊन गेले.

"सायेब, घोड्या किती तपासल्या आजपातूर?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पन्नास वर्षं उधारी मागणाऱ्यांची तोंडं वाचलेला तो माणूस होता. त्यांना सगळं समजलं हे मला समजलं. मी खाली बघितलं.  ते मला घेऊन परत अंगणात आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दादा, डॉक्टरसायेब म्हणतेत, घाई न्हाई करायची. अजून एकवीस दिवस थांबू. सुई नगं."

मी असलं काहीही म्हणालो नव्हतो. माझ्या हातात भरलेली सुई होती.

"आन् घोडी रिकामी निघाली तर?" दादांनी विचारलं.

"तर सुलतान तुमच्या दारात आणून बांधतो. मागारी मागत न्हाई."

 सुलतानवर अप्पांचा जीव होता. दुकान पणाला लावायलाही त्यांनी कदाचित विचार केला असता, पण त्याच सुलतानला लावताना केला नाही. माझ्या नावावर खोटा सल्ला सांगून त्यावर स्वतःचा घोडा लावला. मी सुई मातीत रिकामी केली. तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून झाली, आणि तीही अप्पांच्या सांगण्यावरून.

ते एकवीस दिवस मी जेवलो की नाही आठवत नाही. कॉलेजातली पुस्तकं काढली. घोडीचं गर्भाशय कुठे आणि कसं लोंबतं ते रोज वाचलं. अप्पा मात्र दुकानात बसून साखर जोखत होते. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा धीर करून म्हणालो, "अप्पा, मी चुकलो असेन."

"असेन कावून म्हणता? चुकलावच की," अप्पा म्हणाले. "बसा. खारीक खा."

ठरल्या दिवशी चांदणीला फळीपाशी आणलं. सुलतान हिंकाळत आला. चांदणीने कान पाडले आणि दोन्ही पायांनी लाथ हाणली. मग मी हातमोजा चढवला, या वेळी ऐट न करता. माझ्या तळहाताखाली गर्भाचा गोल फुगा लागला, मोठ्या मोसंबीएवढा. माझे डोळे भरून आले. जमलेल्या लोकांना वाटलं, वासाने आले.

पुढच्या वर्षी चांदणीला तांबडं शिंगरू झालं. दादा पेढे घेऊन थेट माझ्या दवाखान्यात आले. "डॉक्टर, तुमी थांबा म्हणलात म्हणून हे दिवस दिसले!" मी तडक दिंद्रुडला गेलो आणि अप्पांवर जवळजवळ ओरडलोच, की हे खोटं किती दिवस चालवायचं?

अप्पांनी तराजू खाली ठेवला. "हे बघा सायेब. घोड्याचं नाव गेलं आसतं, तर मी दुसरा घोडा आणला आसता. तुमचं नाव गेलं आसतं, तर चार गावची ढोरं कुणाला दाखवायची? दुसरा डॉक्टर देतंय का सरकार?" आणि मग आवाज खाली करून, "नाव तुमाला मी दिलं. काम तुमी शिका."

त्यानंतर त्यांच्याकडे येणारी प्रत्येक घोडी मला तपासायला मिळाली. अप्पा शेजारी उभे राहत आणि मालकाला सांगत, "मोठे डॉक्टर हायेत, जरा सबुरीनं बघतेत." मी सबुरीने बघायचो, कारण त्याशिवाय मला जमतच नव्हतं. हळूहळू माझी ख्याती गेवराईपर्यंत पोहोचली. घोड्यांचा डॉक्टर! त्यातली अर्धी ख्याती पुढे खरी ठरली, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

सुलतान गेला, आणि पुढच्याच साली अप्पा गेले. लिंगायत रीतीने समाधी दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानासमोर माणसं जमली. दादा उठले आणि त्यांनी चांदणीची गोष्ट सांगितली: डॉक्टर कसे ठाम राहिले, अप्पांनी डॉक्टरांवर कसा भरवसा ठेवला. मला ते ऐकवेना. मी उभा राहिलो आणि होतं तसं सगळं सांगून टाकलं. मेलेली घोडी, भरलेली सुई, गोठ्यामागचं बोलणं, काही म्हणजे काही लपवलं नाही. बोलता बोलता रडलो.

दादांनी डोळे पुसले. शेजारच्याला म्हणाले, "बघा, आप्पाच्या संगतीनं माणूस किती नम्र झालंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यात एकदाच चारचौघांत पूर्ण खरं बोललो, आणि ते एकालाही पटलं नाही.

निघताना तेलगावचा एक माणूस आडवा आला. त्याची घोडी महिन्यापूर्वी दुसरीकडच्या घोड्याला दाखवली होती. गाभण आहे का तेवढं बघून जाता का, म्हणाला. मी गेलो. घोडी गाभण होती. तरी मी दोनदा तपासली. चुकलो असतो, तर सावरून घ्यायला आता अप्पा नव्हते.