गोदामामागची वाट

भामामावशी पनवेलच्या बाजारात मासे विकायची. गिऱ्हाइकानं सुरमईचे कल्ले दोनदा उघडून पाहिले, की तिसऱ्यांदा मावशी त्याचंच तोंड बंद करायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. खाडीकाठच्या तिच्या गावात भामा कुणाला भीत नाही, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं.

२०११ साली मी पुण्याच्या एका संस्थेकडून तिथं पाहणीला गेले. गाव कसं आहे ते आम्हाला मुलांकडूनच जाणून घ्यायचं होतं, आणि मावशीचं महिला मंडळ आमचं गावातलं भागीदार होतं. तिनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, "पोरांना इचारायचा, तर त्यांचा आयकायचा पन. आनि नाव कुनाचा फोडायचा नाय."

मुलींनी समाजमंदिरात कागद पसरून गावाचा नकाशा काढला. जिथं जायची भीती वाटते, तिथं लाल ठिपका. बर्फाच्या गोदामामागच्या वाटेवर दारुडे बसतात, पोरींना अडवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गोदाम गावकीचा पंच आनंदा याचं, म्हणून तिथं ठिपका द्यायची हिंमत एकाच मुलीनं केली.

गावकीच्या बैठकीत मी नकाशा मांडला, तसा आनंदा भडकला. "कोनाच्या पोरीनं काढला ह्यो? नाव सांगा, नायतर पुसून टाका."

नाव सांगितलं असतं, तर घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी तिची शाळा बंद केली असती. एक ठिपका गेल्यानं काय बिघडतंय, असं माझ्या शहाण्या डोक्यात आलं. मी व्हाइटनरची बाटली काढलीसुद्धा. आजही त्याची लाज वाटते.

गावकीत गावच्या बायका दाराशी उभ्या राहतात, आत येत नाहीत. मावशी आत आली. माझ्या हातातली बाटली तिनं काढून घेतली, लाल पेन उचललं आणि त्या ठिपक्याला खेटून दुसरा ठिपका दिला.

"आनंदा, साठी उलटली माजी. बाजारातून येताना ती वाट सोडून मी लांबून येते. रोज. भीती वाटते मला."

तिच्या तोंडून हा शब्द गावानं कधी ऐकला नव्हता. मावशीनं त्या ठिपक्याखाली 'भामा' असं लिहिलं आणि बाटली आनंदापुढं ठेवली.

"पोरीचा नाव नाय मिलायचा. माजा हाय. पूस."