शेवटच्या चौकटीनंतर

"वन्सं, हे उठत नाहीत हो..." एवढंच वहिनी फोनवर बोलली, पुढे नुसतं रडणं ऐकू आलं. दापोलीहून मिळेल त्या एसटीने मी निघाले आणि रत्नागिरी येईपर्यंत मनातल्या मनात दादाशी, माझ्या थोरल्या भावाशी, भांडत राहिले. इथे विमान उतरवल्याशिवाय जाणार नाही म्हणाला होतास ना? महिना उलटून गेला, तरी ते भांडण काही मिटलेलं नाही.

दादा वैमानिक होता. आमचे आबा जयगडचे तांडेल. त्यांचा जन्म होडीवर गेला, त्यामुळे मुलगा आभाळात गेल्याचं त्यांना कौतुकही होतं आणि थोडा रागही. दादाने कुठे कुठे विमानं उतरवली, पण रत्नागिरीत कधीच नाही. इथल्या धावपट्टीवर प्रवासी विमानं येणार, येणार, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. "पहिलं मीच आणणार गो," तो म्हणायचा. ती यायच्या आधीच त्याच्या हृदयाने दगा दिला, वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला आणि लायसन्स गेलं. घरी परतला तेव्हा इतका गप्प असायचा, की वहिनी मला सारखी बोलावून घ्यायची.

मग एकदा त्याने आंब्याच्या पेट्यांची खोली रिकामी करून तिथे कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक मांडली. पडद्यावर आभाळ, आणि त्यात एकामागे एक चौकटींची रांग. त्या चौकटींमधून विमान नेलं, की ते बरोबर धावपट्टीवर येतं. नव्या विमानांत असा मार्ग दाखवतात म्हणे. दादाने स्वतःचा मार्ग आखला होता... जयगडच्या खाडीवरून, आरे-वारेच्या वाळूवरून, खाली रत्नागिरीत. "आबा देवळाचा कळस आणि माड एका रेषेत धरून होडी खाडीत आत घ्यायचे, तसंच हे," तो म्हणाला आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला. मला तेवढंच पुरे होतं.

मलाही त्याने शिकवलं. मी एकेक चौकट पकडायला जायची आणि विमान झोकांड्या खायचं. "दारू पिऊन आलीस काय गो? जवळच्या चौकटीमागे धावू नको. लांबच्या चौकटीवर नजर ठेव, जवळची येते आपसूक." त्याचा आणखी एक नियम होता. शेवटची चौकट गेली, की पडदा विसरायचा आणि मान वर करून काचेतून बाहेर बघायचं, उतरायचं ते आपल्या डोळ्यांनी. आता त्या खोलीत कसली आलीय काच! म्हणून त्याने टेबल खिडकीखाली सरकवलं. शेवटच्या चौकटीनंतर तो मान वर करायचा. समोर हापूसची कलमं, दगडांचा गडगा, पलीकडे समुद्राचा एक तुकडा. तेवढं बघायचा आणि इंजिनाचा जोर वाढवून विमान पुन्हा वर न्यायचा. टेकवायचा मात्र कधीच नाही.

"अरे, एकदा उतरव की!"

"खोटं खोटं नाय उतरायचं. खरं विमान मिळू दे."

डॉक्टर, तपासण्या, लायसन्ससाठी खेटे चालूच होते. ते परत मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. कुणी बोललं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आशा मोडायला जीभ उचलली नाही, इतकंच.

परवा वहिनी म्हणाली, "ते सगळं कुणाला तरी देऊन टाकू या, वन्सं. त्या खोलीत पाय ठेववत नाही मला." मी म्हटलं, एकदा बसते. ती मागे उभी राहिली. जयगड गेलं, आरे-वारे गेलं. लांबच्या चौकटीवर नजर ठेवली होती, तरी डोळे भरून येत होते. शेवटची चौकट आली. सवयीने हात विमान वर न्यायला निघाला... पण आता खऱ्याची वाट बघणारं कोण होतं? मी हात मागे घेतला, विमान तसंच खाली येऊ दिलं आणि त्याने शिकवलं होतं तसं मान वर करून खिडकीबाहेर बघितलं. कलमं, गडगा, समुद्र.

खाली स्पीकरमधून चाकं टेकल्याचा आवाज आला.

"उतरलं हो, वन्सं," वहिनी म्हणाली. मी बाहेरच बघत राहिले.